वाण परत करत नाहीत

चँडलर, १९ जानेवारी २०२५

सौमित्र,

तुझा मेसेज इलाच्या फोनवर आला. तिने मला दाखवला. ‘लीड रोल! रक्त आहे शेवटी.’ पुढे ड्रमची तीन चित्रं.

कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तुझा आवाज येतो. तुझ्या आवाजाशी मी कधी जिंकले नाही. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

तुला अर्धवट कळलं असेल. पूर्ण सांगते. इलाची शाळा दर एप्रिलमध्ये एक संगीत नाटक करते. यंदाचं जुनं आहे, या देशातल्या बहुतेक शाळांनी कधी ना कधी केलेलं. एक गोडबोल्या माणूस एका लहान गावात उतरतो. तुमची मुलं हातची चालली, असं आईबापांना पटवतो आणि उपाय म्हणून त्यांना बँड विकतो. वाद्यं, गणवेश, सगळं. त्याला स्वतःला एक सूर लावता येत नाही. पैसे आले की पळायचं, हा बेत.

तो माणूस म्हणजे इला. तेवढं भरभर बोलणं एकाही मुलाला जमलं नाही, म्हणून नाटकाच्या बाईंनी तिला घेतलं.

त्या नाटकात वाद्यं येतात. आपली आली नाहीत.

इला नऊ वर्षांची होती. तू इथल्या बेचाळीस घरांना सांगितलंस की पुण्याहून ढोल-ताशे येणार, गणपतीत चँडलरच्या रस्त्यावर मुलांचं पथक निघणार, मुलं मराठी राहणार. पैसे आधीच घेतलेस. मग कंटेनर बंदरात अडकला. मग कागद अडकले. कंटेनर नव्हताच. पुण्याहून आला तो एक खोका, आणि त्यात ढोल वाजवायच्या काठ्या, टिपरं. आठ महिने मुलांनी ती नारिंगी प्लास्टिकच्या बादल्यांवर वाजवली. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला, कारण सातनंतर पार्किंग लॉटवर उभं राहवत नसे. गणपती झाले आणि तू कंटेनर सोडवायला म्हणून नागपूरला गेलास. अजून सोडवतो आहेस.

तुला हे सगळं माहीत आहे. मला ते एकदा माझ्या अक्षरात हवं होतं. त्या सगळ्यात मी फक्त चहा केला, हेही.

इला हे काम करणार. ती बेचाळीस घरं बघायला येतील, येऊ देत. तू येऊ नकोस. त्या गावाला एक पुरे आहे.

आईंना माझा नमस्कार सांगू नकोस. त्यांना मी वेगळं लिहिते.

ज्ञानदा


चँडलर, २ फेब्रुवारी

सौमित्र,

आज राधिकाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मला अजून बोलावतात. तू जिवंत आहेस, म्हणून मला कुंकू लागतं. उद्या सकाळी कामावर जाताना ते पुसावं लागेल. चिप बनवतात त्या खोलीत अंगावर कसलीही पूड चालत नाही. या एका गोष्टीसाठी मी कंपनीची ऋणी आहे.

वाण म्हणून राधिकाने स्टीलच्या गाळण्या दिल्या. मी गाळणी घेऊन निघाले तर तिने मला स्वयंपाकघरात ओढलं.

“इलाला सांग ना, दुसरा रोल घे म्हणावं.”

“का?”

“का काय, ज्ञानदा? बाहेर बसल्यात त्यांच्या डोक्यात काय चाललंय तुला कळत नाही? तो माणूस कोण आहे हे चँडलरमध्ये कुणाला सांगावं लागणारे का?”

“नाटक अमेरिकन आहे. आपण जन्मायच्या आधीचं.”

“यार, मला शिकवू नकोस. तुलाच त्रास होईल म्हणून बोलतेय. आठ वर्षं तू खाली मान घालून काढलीस. आता पुन्हा सगळं उकरायचं?”

मी म्हटलं, माझी मुलगी ते काम करेल. राधिका माझ्याकडे बघत राहिली. माझा आवाज तिने पूर्वी ऐकला नव्हता बहुतेक. मलाही तो जरा नवा वाटला.

राधिका तुला आठवते ती नाही आता. तू गेलास त्या आठवड्यात तिने मला पहिला डबा पाठवला. तेव्हापासून दर सणाला येतो. होळीला पुरणपोळ्या, बारा. तिच्या नीलसाठी तिने सगळ्यात आधी नाव दिलं होतं आणि सगळ्यात आधी मला म्हणाली होती, तुझा काय दोष गं. तिने म्हटलं म्हणून बाकीच्यांनीही म्हटलं. मराठी शाळा माझ्याकडे दिली, मंडळाची पुस्तकं माझ्या गराजमध्ये ठेवली. बिचारीला काहीतरी हवं, म्हणून.

उरलेल्या गाळण्या ठेवायला तिने खण उघडला. लाटण्यांच्या शेजारी ते टिपरू आहे अजून. तेव्हा मंडळाच्या बायकांना एकेक मिळालं होतं.

“फेकलं नाहीस?” मी विचारलं.

“वाण फेकतात का?” ती म्हणाली.

ज्ञानदा


चँडलर, २ मार्च

सौमित्र,

तू इलाला पुन्हा लिहिलंस. व्हिडिओ कॉलवर तू तिला ‘टिप्स’ देणार आहेस. तिने मला विचारलं, मी म्हटलं तुझं तू ठरव. तिने उत्तर दिलेलं नाही. हे मी सांगितलं म्हणून नाही.

तिला टिप्स लागत नाहीत. ती तुझी चाल चालते. घरात, दिवाणखान्यात, पलंगापासून फ्रिजपर्यंत. तुझ्यासारखे खांदे एका बाजूला टाकून. समोर कुणी आलं की आधी त्याच्या मुलाचं नाव घ्यायचं आणि मग त्याचं. तू बेचाळीस मुलांची नावं पहिल्या दिवशी पाठ केली होतीस. आईबाप तिथेच विरघळले. लोक तुला खोटारडा म्हणतात, पण ती नावं खरी पाठ होती.

काल ती हातात केसांचा ब्रश धरून मला बँड विकत होती. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. मग ती थांबली.

“आई, डॅड लोकांकडे जायचा तेव्हा तू काय करायचीस?”

“मी चहा करायचे.”

“आपल्या घरी. आणि त्यांच्या घरी?”

“त्यांच्या घरी ते करायचे.”

“सो, जस्ट चहा?”

“हो.”

“ओके,” ती म्हणाली.

इलाचं ओके तुला माहीत नाही. तू गेलास तेव्हा ती ‘का’ म्हणायची.

त्या नाटकात एक बाई आहे. गावात शहाणी तीच. तो काय आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं, पुरावा तिच्या हातात असतो, आणि ती गप्प बसते. मुलांच्या चेहऱ्यांकडे बघून गप्प बसते. नाटक तिला माफ करतं. शेवटी सगळे गातात. मला वाटतं, ज्याने लिहिलं त्याला बायकांची फारशी माहिती नसावी. बाई एकदा गप्प बसली की तिथेच थांबत नाही. ती कामाला लागते.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

ज्ञानदा


चँडलर, २३ मार्च

सुशांत घरी येऊन गेला. राधिकाचा नवरा म्हणून नाही, मंडळाचा अध्यक्ष म्हणून, हे त्याने बुटाची नाडी सोडतानाच सांगितलं. ऑप्टिक्स चांगले नाहीत, लोकांत बरं दिसत नाही, म्हणाला. मंडळाच्या ग्रुपवर नाटकाची तिकिटं टाकणार नाही, म्हणाला. नील त्याच नाटकात ड्रम्स वाजवतो आहे, तेव्हा त्याला स्वतःला यावंच लागेल, तो भाग वेगळा.

“नील ड्रम्स कुठे शिकला?” मी विचारलं.

“शाळेत.”

“आणि त्याआधी?”

तो चहा प्यायला. त्याआधी बादलीवर, हे दोघांनाही माहीत होतं.

तू खूश होऊ नकोस. बादली राधिकाने विकत आणली होती.

ज्ञानदा


चँडलर, १३ एप्रिल

सौमित्र,

काल दुपारी दोनचा प्रयोग होता. बाहेर पंच्याण्णव फॅरनहाइट आणि आत ए.सी. इतका की बायकांनी पदर लपेटून घेतले. हो, पदर. ग्रुपवर तिकिटं टाकली नव्हती तरी दोन रांगा भरून आले होते. बऱ्याच जणी साड्या नेसून. मराठी माणूस नाटकाला नटून जातो, मग ते कुणाचंही असो. मी त्यांच्या मागच्या रांगेत, कडेला बसले. कडेला म्हणजे दाराजवळ.

इला आली. रेघारेघांचा कोट, डोक्यावर टोपी. पहिल्या दहा मिनिटांत तिने अख्खं सभागृह खिशात घातलं. माझ्या पुढच्या एका बाईने शेजारणीला म्हटलं, “अगं बाई, तोच.” आणि हसली. वाईट हसली नाही. मला वाटलं, झालं, एवढंच होतं. हे पार पडलं.

मग तो प्रसंग आला. गावातली सगळ्यात मोठी बाई ऐकत नसते. नवरे तयार झालेले, पण ती नाही म्हणते, आणि ती नाही म्हणते म्हणून बाकीच्या बायका थांबलेल्या. इलाने टोपी काढली. खांदे सरळ केले. तुझी चाल संपली. ती हळू चालत, ती बाई झालेल्या मुलीपुढे गेली, थोडी वाकली, आणि अनामिकेने तिच्या कपाळाला स्पर्श केला. डाव्या हाताने उजव्या हाताचं कोपर धरून. मग खिशातून एक ड्रमची काठी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवली. ती मुलगी काठीकडे बघते आहे तोवर इलाने पेन काढलं. टोपण काढलं. टोक स्वतःकडे ठेवून पेन पुढे केलं. एक शब्द बोलली नाही.

सभागृह हसलं. विचित्र होतं म्हणून हसलं. गोऱ्यांना वाटलं, काहीतरी जादूटोणा.

आमच्या दोन रांगांत कुणी हसलं नाही.

तुला कळलं नसेल. तुला तेव्हाही कळलं नव्हतं. म्हणून आता सांगते. आठ वर्षं सांगितलं नाही ते.

जानेवारी २०१७ मध्ये तुझं काम अडलं होतं. पुरुष हो म्हणायचे, घरी जायचे, आणि दुसऱ्या दिवशी फोन यायचा, ‘मिसेस म्हणतेय थोडं थांबू.’ तू सोफ्यावर आडवा पडून म्हणालास, संपलं. कंटेनर नाही, हे मला तोवर माहीत झालं होतं. तुझ्या ईमेलमध्ये पुण्याच्या दुकानाचं उत्तर मी वाचलं होतं. ऑर्डर दिलेलीच नव्हती. नमुना म्हणून मागवलेला टिपरांचा खोका तेवढा खरा.

मी म्हटलं, बायकांचं माझ्यावर सोड.

मी हळदीकुंकू केलं. बेचाळीस जणींना बोलावलं. प्रत्येकीला कुंकू लावलं, अत्तर लावलं, आणि वाण म्हणून टिपरू दिलं. प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या लुटणाऱ्या बायका त्या काठीकडे बघत राहिल्या. एकीने ती कपाळाला लावली. राधिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. टिपरू हातात आल्यावर मी फॉर्म पुढे केला आणि पेनचं टोपण काढून दिलं. सवाष्णीने दिलेलं वाण नाकारता येत नाही, परत करता येत नाही. हे मला माहीत होतं. तुला नव्हतं. तू विचारलंस, ‘वाण म्हणजे गुडी बॅग ना?’

एकीनेही नाही म्हटलं नाही.

इला माझ्याशेजारी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती. नवं परकर-पोलकं घालून. बेचाळीस वेळा तिने तो हात पाहिला.

मी दारापाशी बसले होते. उठून जाता आलं असतं. प्रयोग संपल्यावर लॉबीत उभी राहिले, तिकीट फाडतात त्या टेबलाजवळ, जिथून सगळ्यांना जावंच लागतं.

राधिका आली. मागे पाच-सहा जणी.

“वाणाची कल्पना कुणाची होती?”

“माझी.”

“सौमित्रने सांगितलं म्हणून?”

तिने मला सुटायला दार उघडून धरलं होतं. आठ वर्षं मी त्याच दारातून ये-जा केली.

“नाही. त्याला वाण काय ते माहीत नव्हतं.”

“ढोल येणार नाहीत हे तुला तेव्हा ठाऊक होतं?”

“होतं.”

मागची एक जण म्हणाली, “चल गं, राधिका.” ती हलली नाही.

“आणि मी तुला डबे पाठवले.”

“हो.”

“पुरणपोळ्या. बारा-बारा.”

“हो.”

“खाताना काही वाटलं नाही तुला?”

मला खूप काही म्हणता आलं असतं. रडताही आलं असतं. रडले असते तर तिने मला जवळ घेतलं असतं, इतकी ती चांगली आहे. आणि ते वाणासारखंच झालं असतं. तिला नाकारता न येणारं काहीतरी पुन्हा तिच्या हातात देणं.

“चांगल्या असायच्या,” मी म्हटलं.

ती गेली. बाकीच्या तिच्यामागे गेल्या. सुशांत माझ्याकडे न बघता गेला. नील हातात काठ्या घेऊन आला आणि म्हणाला, “हाय काकू, इला किल्ड इट, ना?” त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग इला आली. कोट घामाने भिजलेला.

“यू स्टेड,” ती म्हणाली.

“थांबले.”

“मला वाटलं तू जाशील.”

“मलाही.”

गाडीत ती म्हणाली, बाईंनी तो प्रसंग मला हवा तसा करू दिला. मी विचारलं, तुझ्या डॅडचा राग म्हणून केलास? ती म्हणाली, “डॅडचा राग तर सगळेच करतात, आई. तुझा कुणीच करत नाही. इट वॉज लोन्ली.”

ज्ञानदा


चँडलर, २८ एप्रिल

सौमित्र,

मंडळाने मराठी शाळेची किल्ली परत मागितली. दिली. पुस्तकं न्यायला दोन पुरुष आले, त्यांना पाणी दिलं. ग्रुपमधून मला काढलं आहे. वाईट वाटतं का, असं इलाने विचारलं. वाटतं. पण हे माझ्या नावावर आहे, तुझ्या नावाखाली नाही.

तू मला निरोप पाठवलास, इलाकडून. ‘आईला सांग, सगळं माझ्यावर ढकल, मी इथे आहे, मला काय फरक पडतो.’ मोठेपणा म्हणून लिहिलंस, हे कळलं. नको. आठ वर्षं ढकललं, पुरे झालं.

काल चैत्रातलं हळदीकुंकू केलं. होय, मी. बेचाळीस जणींना फोन केले. अठरा जणींनी उचलला. प्रत्येकीला एकच सांगितलं, रविवारी चार वाजता, आंब्याची डाळ आणि पन्हं आहे, आणि ते टिपरू घेऊन ये. तीन जणींनी फोन आपटला. एक म्हणाली, “निर्लज्ज आहेस.” मी म्हटलं, चार वाजता.

“वाण परत करत नाहीत,” राधिका म्हणाली होती फोनवर.

“माहीत आहे. म्हणूनच बोलावते आहे.”

डाळ बेचाळीस जणींची भिजवली. कैऱ्या इथे आंबट मिळत नाहीत, लिंबू पिळलं. सव्वाचार झाले. इला म्हणाली, “आई, दॅट्स अ लॉट ऑफ डाळ.” साडेचार झाले.

पावणेपाचला राधिका आली. चपला काढल्या. आत येऊन टिपरू टेबलावर ठेवलं, मूठ माझ्याकडे करून. “घे,” म्हणाली. मी घेतलं. मग तिला कुंकू लावायला हात पुढे केला. ती मागे सरकली, आणि मग थांबली. लावू दिलं. डाळ खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाली. होतं.

सहापर्यंत अकरा आल्या. कुणी माफ केलं म्हटलं नाही. मी मागितलं नाही. दोघी बसल्याही नाहीत, टिपरू ठेवलं, हरभरे ओंजळीत घेतले आणि गेल्या. राधिका शेवटपर्यंत होती, पण माझ्याशी बोलली नाही, इलाशी बोलली. कॉलेज कुठलं, वगैरे. जाताना उरलेली डाळ तिने डब्यात भरून घेतली. माझ्या डब्यात. डबा परत करायला ती येईल की नाही, मला माहीत नाही.

तू लिहिलं होतंस, रक्त आहे. आहे. पण तुझं नाही. टोपी आणि चाल तुझी होती, ती कुणालाही शिकता येते. तो हात माझा होता.

रात्री टेबल आवरताना इलाने टिपरं एका ओळीत लावली. अजून एकतीस बाकी आहेत.

“डॅडला सांगणार?” तिने विचारलं.

सांगते, म्हटलं. सांगितलं.

पण त्या टिपरांतलं एकही तुला पाठवणार नाही. ती माझी आहेत.

ज्ञानदा